जुन्या सेडियाचं सस्पेन्शन: आधी रबर, मग शॉकअप, स्प्रिंगचं नंतर बघू

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना साखरपा सोडलं की आंबा घाट लागतो, आणि आपली गाडी कितपत ठीक आहे ते तिथल्या पहिल्या चार वळणांतच कळतं. माझी २००८ ची लान्सर सेडिया आहे, दोन लिटरचं इंजिन, ११५ बीएचपी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक वेगळ्या दांड्यांनी धरलेलं), म्हणजे कागदावर बघाल तर आजच्या बऱ्याच नव्या सेदानना मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असतो त्यापेक्षा हिचं मागचं सस्पेन्शन सरस. पण मी जुनी घेतली तेव्हा स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी कलायची, मग झोल घ्यायची आणि मग कुठे वळायची. मला वाटलं स्प्रिंगच मऊ आहेत, सरळ लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) मागवल्या आणि बसवल्या, आणि गाडी होती त्यापेक्षा बिघडली. खड्ड्यात दणके, खडबडीत वळणात पुढचं चाक रस्ता सोडायचं, आणि पावस गावाच्या वाटेवर प्रत्येक ब्रेकरला पोट घासायचं. सहा महिन्यांनी सगळं खोललं आणि पहिल्यापासून केलं. तोच क्रम इथे सांगतोय. गाडी सेडियाच असायला पाहिजे असं नाही, जुनी होंडा सिटी व्हीटेक असो, ऑक्टाव्हिया आरएस असो किंवा पॅलिओ जीटीएक्स, क्रम हाच.

हॅंडलिंग म्हणजे गाडी खाली बसवणं नाही, आणि कडक करणं पण नाही. चारही टायर शक्य तितका वेळ रस्त्याला चिकटून राहणं आणि चाकाचा कोन आपण ठरवलाय तोच राहणं, एवढंच. आपल्या कोकणात या दोन्ही गोष्टी बिघडवायला खारा वारा, जांभ्याची बारीक लाल धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस पुरेसे आहेत. बंदराजवळ राहात असाल तर गाडी नुसती उभी राहिली तरी खालून गंजते. म्हणून देशावरचा माणूस जे पार्ट पहिल्यांदा मागवतो ते आपण सगळ्यात शेवटी मागवायचे.

आधी तपासणी. एक सकाळ त्यात घालवा, त्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मधोमधपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि मास्किंग टेपवर लिहून त्याच फेंडरवर चिकटवा, हे आकडे पुढे लागणारेत. मग एक एक कोपरा दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन हेलकावे खात असेल तर शॉकअप गेलाय. पण दाबून बघितल्यावर थांबली म्हणजे शॉकअप चांगलाच असं मात्र समजू नका, अर्धा मेलेला शॉकअप या परीक्षेत पास होतो आणि घाटात नापास होतो. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ आहे का बघा, ओलसर तेलाला लाल धूळ चिकटून तिचा विटकरी थर बसतो, तो लगेच ओळखू येतो.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, आणि जांभ्याच्या अंगणात तर नाहीच, चिरा फुटतो नाहीतर जॅक रुततो, खाली जाड फळी टाका. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवा, खेळ असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा, त्याच्या बुशपाशी (रबरी सांध्यापाशी) छोटी पहार घालून हलकेच रेटा आणि रबराकडे बघत राहा, चांगलं रबर दबतं आणि परत येतं, फाटलेलं रबर तोंड उघडतं. शेवटी गाडी खाली घेऊन बोनेट उघडा, घरातल्या कोणाला तरी स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटवर तळहात ठेवा. माउंटचं बेअरिंग अडत असेल तर ‘टुंग’ असा धक्का हाताला लागतो, कारण स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना लागत होता आणि मी वर्षभर त्याला स्टिअरिंग जड आहे म्हणत होतो.

हे करताना गंजही बघा. स्प्रिंगचा शेवटचा वेढा जिथे खालच्या बशीवर टेकतो तिथे चिखल साठतो आणि बशी आतून खाऊन जाते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, पापुद्रे निघाले तर तो स्ट्रट पुढे चालवू नका. तसंच जिथे आर्म बॉडीला जोडलेले असतात तिथला पत्रा. पत्राच गेला असेल तर सस्पेन्शनचे पैसे आधी वेल्डिंगला घाला, हे ऐकायला वाईट वाटतं पण दुसरा इलाज नाही.

टायरबद्दल थोडक्यात सांगतो. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेली गाडी असेल तर खाच भरपूर दिसते पण रबर दगड झालेलं असतं, आणि अशा टायरवर जगातलं कुठलंही सस्पेन्शन घाला, ओल्या घाटात उपयोग शून्य. हवा सकाळी थंड टायरमध्ये, दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. बस.

आता खरा विषय, बुश. सस्पेन्शनचे सगळे आर्म रबरी बुशवर फिरतात, आणि पंधरा-सोळा वर्षांचं रबर एकतर कडक होऊन तडकतं नाहीतर लोखंडी नळीपासून सुटतं. मग ब्रेक मारला की चाक थोडं मागे सरकतं, वळण घेतलं की थोडं आत-बाहेर होतं, आणि आपण म्हणतो गाडी झोल खाते. मी म्हटलं तो झोल हाच होता, स्प्रिंगचा त्यात काही दोष नव्हता. लोअर आर्मचे पुढचे-मागचे बुश, मागच्या ट्रेलिंग आर्मचे, आडव्या लिंकचे, स्टॅबिलायझर बारचे (वळणात गाडी कलू न देणारा आडवा दांडा) आणि त्याचे लिंक रॉड, हे सगळं एकदमच बदला. एक बदलला की भार शेजारच्या जुन्यावर जातो आणि सहा महिन्यांत परत गॅरेज.

रबर घ्यायचं की पॉलियुरेथेन, हा प्रश्न सगळे विचारतात. पॉली कडक असतो, चाक जागचं हलत नाही, स्टिअरिंग धारदार होतं. पण रबरी बुश मुळात पिळला जाऊन काम करतो आणि पॉली आपल्या नळीवर फिरून काम करतो, म्हणजे त्याला ग्रीस लागतं, आणि आपल्याकडे त्या ग्रीसमध्ये जांभ्याची धूळ आणि पावसाचं पाणी शिरलं की करकर चालू. माझं मत स्पष्ट आहे, स्टॅबिलायझरला पॉली घाला, लोअर आर्मच्या पुढच्या बुशला हवं तर घाला, पण मागच्या मल्टिलिंकला कंपनीचंच रबर. मागचे आर्म एकाच वेळी दोन-तीन दिशांना वळतात, तिथे कडक बुश अडतो, आणि अडलेलं मागचं सस्पेन्शन पावसात गाडी अचानक फिरवतं.

बुश काढायला-बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागते, घणाने ठोकून बसवू देऊ नका, रबर आतून सुटतं आणि बाहेरून दिसत नाही. आणि आता जे सांगतोय ते या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा चुकतं. पहिल्या वेळी एका गॅरेजमध्ये माझे नवे बुश बसवले, गाडी लिफ्टवर होती, चाकं लोंबकळत होती, आणि पोराने तिथेच सगळे बोल्ट गच्च आवळून टाकले. आठ महिन्यांत बुश फाटले. दुसऱ्या वेळी मिरजोळे एमआयडीसीत एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो, मी स्वतः पाना हातात घेऊन आवळायला लागलो तर म्हणाले, “वाईच थांबा. गाडी हवेत हाय तवर बोल्ट आवळायचा नाय. आधी टेकवा तिला.” मग त्यांनी अर्धा आवळलेला बोल्ट तसाच ठेवला, लोअर आर्मच्या टोकाखाली जॅक लावला आणि हळूहळू वर घेत माझ्या टेपवरचा आकडा जुळेपर्यंत थांबले, चाकाच्या मधापासून फेंडरपर्यंत बरोबर तेवढंच अंतर झालं आणि तेव्हा कुठे टॉर्क रेंच लावला. कारण असं की रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागेवर जखडते. हवेत असताना जखडली तर गाडी टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, खड्ड्यात आणखी पिळतं आणि फाटतं. गाडी तिच्या रोजच्या उंचीवर असताना आवळलं तर रबर मधोमध निवांत बसतं. याच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही, फक्त टेप आणि सबुरी लागते. मागच्या आर्मनाही हाच नियम.

गंजलेले बोल्ट हा आपल्याकडचा वेगळा त्रास. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. लोअर आर्मचा लांब बोल्ट बुशच्या नळीतच गंजून एकजीव होतो, तो फिरतो पण निघत नाही, अशावेळी ठोकाठोकी न करता सरळ कापायचा आणि नवा घालायचा. नवा बोल्ट त्याच ग्रेडचा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ जे असेल तेच. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचा बाजारू बोल्ट सस्पेन्शनला लावू नका, ताकद कमी पडते. बोल्टच्या सरळ अंगाला, म्हणजे नळीत बसणाऱ्या भागाला, पातळसं ग्रीस लावा, आटे मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसेच ठेवा कारण आट्यांना ग्रीस लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

एवढं झालं की गाडी चालवून बघा, खरंच. मी बुश, माउंट आणि टाय रॉड एंड बदलून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आलो आणि तिथल्या चढ-उताराच्या वळणांवर मला माझीच गाडी ओळखू येईना, अजून शॉकअप जुनेच होते तरी.

शॉकअप आणि स्प्रिंग यांचं काम वेगळं आहे हे डोक्यात पक्कं बसू द्या. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी शमवतो. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर उसळी वाढते आणि ती शमवणारा दमलेला, माझी पहिली चूक नेमकी हीच होती. उलट मूळच्या स्प्रिंग ठेवून नुसते चांगले गॅसचे शॉकअप घातले तर कोकणातल्या रस्त्यांना ते पुष्कळ आहे. केवायबीचे घ्या, बिल्स्टीन परवडत असतील तर उत्तम, पण जोडीनेच बदला, एका बाजूचा एक असं कधी नाही. साधा ट्विन ट्यूब शॉकअप लांब घाटात सतत काम करून तापतो, आतल्या तेलाला फेस येतो आणि दाब कमी होतो, गॅस भरलेल्यात हा त्रास कमी आणि मोनोट्यूबमध्ये त्याहून कमी कारण तिथे गॅस आणि तेल वेगळे ठेवलेले असतात.

स्प्रिंग बदलायचीच असेल तर मूळपेक्षा थोडीशीच कडक आणि खाली वीस मिलीमीटरच्या आत. याचं कारण फक्त पोट घासणं नाही. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली गेली की लोअर आर्म आडवा होतो आणि मग उलटा वर चढतो, त्या पुढे वळणात टायर सरळ राहायच्या ऐवजी बाहेरच्या कडेवर जातो, टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपलं आपण हलतं. म्हणजे दिसायला रेसिंगची आणि वळायला मूळपेक्षा वाईट. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून खाली बसवलेली गाडीही आरामात जाते, पण आपल्याकडे शाळेसमोर आणि वाडीच्या तोंडाशी जे असतात ते उंचीला तेवढेच किंवा जास्त आणि रुंदीला हातभर. गणपतीत चार माणसं आणि डिकी भरून सामान असलं की काय होईल ते बघूनच उंची ठरवा. आणि स्प्रिंग कापू नका, कोणीही कितीही सांगू दे. वेढा कापला की चाक लोंबकळल्यावर स्प्रिंग बशीतून सुटू शकते.

स्ट्रट काढायचं काम घरी जमतं पण एक टप्पा जीवावरचा आहे. चाक काढा, ब्रेकच्या होजचा क्लिप आणि एबीएसची वायर सोडवा, खालचे दोन मोठे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर मार्करने खूण करा, मग बोनेटखालचे वरचे नट. मधला मोठा नट आत्ता नाही. मागच्या शॉकअपचे वरचे नट डिकीतलं अस्तर काढलं की दिसतात. स्ट्रट बाहेर आला की स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावायचे, एकेकाला दोन-तीन आटे देत सारखं दाबायचं, आणि स्प्रिंग बशीवर सैल होऊन हाताने फिरायला लागली की मगच मधला नट सोडायचा. आपलं तोंड स्प्रिंगच्या टोकासमोर ठेवायचं नाही, इम्पॅक्ट गन लावायची नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा जबडा जातो. कॉम्प्रेसर भाड्याने मिळाला आणि त्याचे आटे खराब दिसले तर परत करा आणि तेवढं काम गॅरेजमधून करून घ्या.

नवा ट्विन ट्यूब शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण वर येऊ द्या, आडवा पडून आलेल्या शॉकअपमध्ये गॅस चुकीच्या जागी अडकलेला असतो तो वर जातो. चकचकीत दांड्याला पकड लावायची नाही, एक ओरखडा आणि सील गेलंच. बंप स्टॉप (शॉकअप तळाला आपटू न देणारा ठोकळा) आणि धुळीचं रबरी कव्हर नवीनच घाला, आपल्या धुळीत कव्हर नसलेला शॉकअप टिकत नाही. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर घेणार असाल तर त्याच्या उघड्या आट्यांचा विचार करा, मिठाने दोन पावसाळ्यांत ते जाम होतात आणि मग उंची बदलता येते हा फक्त पावतीवरचा शब्द राहतो.

स्टॅबिलायझर बार जाड करायचा मोह होतो. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २० मिलीमीटरचा काढून २२ चा घातला तर दिसायला दोनच मिलीमीटर पण कडकपणा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीत पुढचा बार जाड केला तर ती अजून सरळ पळते, वळत नाही. मागचा जाड केला तर वळते, पण जून-जुलैमध्ये घाटात रस्त्यावर शेवाळ आणि डोंगरातून वाहून आलेली माती असते, तिथे ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचा भाग बाहेर निघतो. मी दोन्ही मूळचेच ठेवले आणि लिंक रॉड नवे घातले, आणि वर्षभर चालवणाऱ्याला मी तेच सांगेन.

सगळं बसल्यावर अलाइनमेंट, आणि ती चार चाकांची. मल्टिलिंकवाल्या गाडीचं मागचं टोही (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बघावं लागतं, फक्त पुढची दोन चाकं करून देणारा असेल तर दुसरीकडे जा. पुढे साधारण उणे एक अंश कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूला आत कललेलं), टो शून्य किंवा अगदी किंचित आत, मागे थोडं टो-इन म्हणजे ओल्यात गाडी स्थिर राहते. पुढे कॅम्बर जुळत नसेल तर स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांपैकी वरच्याच्या जागी कॅम्बर बोल्ट घालता येतो. आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट मागून घ्या.

कागदपत्रांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापांशी आणि आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलंय. मूळ उंचीला बसणारे चांगले शॉकअप आणि बुश हा दुरुस्तीचा भाग, पण गाडीची ठेवण बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

हे काम दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत करा, मिरगाच्या तोंडावर खोलू नका, पार्ट यायला उशीर झाला तर गाडी पावसात उघडी पडते. पावसाळ्याआधी आर्मच्या पोकळ भागात आणि बोल्टच्या डोक्यांवर वॅक्स मारून घ्या, पण रबराला डिझेल किंवा जुनं ऑइल लावू नका, आपल्याकडे खालून ऑइल फवारायची जुनी पद्धत आहे, ती पत्र्याला ठीक पण रबर फुगून मऊ पडतं. आणि गुहागर किंवा दिवेआगरच्या पुळणीवर गाडी नेऊ नका, एका फेरीत मिठाची वाळू अशा सांध्यांत जाते की नळीखाली तासभर धरली तरी निघत नाही. खाडीच्या किंवा समुद्राच्या कडेने रोज जाणं असेल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा, पाण्याला जोर नको, भरपूर पाणी हवं.

पहिले दोनशे किलोमीटर झाले की गाडी टेकलेली असतानाच सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने बघा आणि फेंडरवरची उंची परत मोजा, नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. बसल्या असतील तर अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्या. माझ्या गाडीत पुढची डावी बाजू चार मिलीमीटर बसली होती, टो तेवढ्यानेच हललं होतं, ते सरळ केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, ट्रक सुरू व्हायच्या आत, साखरप्यातून वर चढलो.